अव्वाला वाचता येईल अशी कविता

मी बसमध्ये कंडक्टर आहे. आमची गाडी सांगलीहून निघते, मिरज, कवठेमहांकाळ करत जतला येते आणि तिथून पुढं कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावापर्यंत जाते. तिकिटं आता मशीनमधून येतात, तरी आम्ही 'तिकीट फाडलं' असंच म्हणतो. या रस्त्यावर मी पाच वर्षं तिकिटं फाडतेय.

कविता त्याच्याही आधीपासूनच्या. सांगलीला कॉलेजात होते तेव्हा एक दोनशेपानी वही मी कवितांनी भरली होती. तिच्यात प्राजक्त होता, सांजवेळ होती, हुरहुर तर पानोपानी होती. आमच्या गावात प्राजक्ताचं एकही झाड नाही. बाभळी आहेत, डाळिंबाच्या बागा आहेत, आणि उरलेलं सगळं माळरान. पण कवितेला प्राजक्त लागतोच अशी माझी समजूत होती. भाषाही शुद्धच लागते, अशीही होती.

आमच्या घरी जे बोललं जातं ते कुठल्याच शुद्धात बसत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, विजापूरकडची. तिच्या माहेरी कानडी. वडील जत तालुक्यातले, मराठी बोलणारे. पण ते फौजेत होते आणि माझ्या लहानपणी वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे, येताना हिंदी घेऊन यायचे. या तिन्हींचं मिळून घरात एक चौथंच काहीतरी तयार झालं. सकाळी अव्वा चुलीपुढून सांगायची, "जळक करून फटाफट बा, ऊटा थंडा होतोय." जळक म्हणजे आंघोळ, बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण. फटाफट आणि थंडा वडिलांचे. एका वाक्यात तीन भाषा आहेत हे मला आणि माझ्या भावाला ठाऊकच नव्हतं. आम्हाला ती एकच वाटायची.

कळलं ते पाचवीत. शाळेत नव्या बाई आल्या होत्या, सांगलीच्या. एकदा मला उशीर झाला तेव्हा त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, अव्वानं उशिरा जळक घातलं म्हणून. बाई घाबरल्या. त्यांनी माझे दोन्ही हात पालथे करून पाहिले, फ्रॉकची बाही वर केली आणि कुठं भाजलंय असं विचारलं. खुलासा झाल्यावर त्याही हसल्या, वर्गही हसला. बाई वाईट नव्हत्या. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की घरचं बोलणं घरी ठेवायचं आणि शाळेत पुस्तकातलं बोलायचं. ते मला चांगलं जमलं. इतकं चांगलं की पुढं कॉलेजात सांगलीच्या मुली मला सांगलीचीच समजायच्या.

घरी मात्र पंचाईत व्हायची. एकदा सुट्टीत मी अव्वाला माझी एक कविता वाचून दाखवली. तिची पहिली ओळ होती, 'मनी माझ्या धुके दाटले.' अव्वा भाकरी थापत होती. आमच्या घरी कडक भाकरी बनवून विकायचं काम चालतं. ती आणि शेजारच्या दोघी मिळून करतात आणि भाऊ सांगलीच्या दुकानांत पोचवतो. अव्वानं ओळ ऐकली, हात थांबवला आणि विचारलं, मग खिडकी का नाही उघडली? मला काही कळेना. मग लक्षात आलं. अव्वाच्या बोलण्यात मनी म्हणजे घर. माझ्या मनात धुकं दाटलं होतं, आणि तिला घरात धूर कोंडलेला दिसत होता. मला त्या वेळी राग आला. मी वही मिटली आणि परत तिला कविता वाचून दाखवायची नाही असं ठरवलं.

पुढं नोकरी लागली. पहिली दोन वर्षं सगळं ठीक चाललं. तिसऱ्या वर्षी आमच्या गाडीवर नवे ड्रायव्हर आले, साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले. त्यांची बायको शिरवळला एका कंपनीत कामाला, मुलगी कराडला इंजिनिअरिंग शिकत होती, आणि हे एकटे जतला खोली घेऊन राहत होते. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला ताई म्हणायचे. माणूस बोलका. चहाच्या टपरीवर गाडी थांबली की आसपासच्या चार लोकांशी ओळख काढल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. पण जतच्या पुढं गाडी गेली की त्यांचं बोलणं अडायचं, कारण तिथं बरेच लोक कानडीत बोलायचे किंवा आमच्या घरच्यासारखं मिसळून.

एकदा शेवटच्या गावाहून परत येताना एक म्हातारी बाई गाडीत चढली. मागं जागा नव्हती. मामांनी इंजिनाजवळची फळी पुसून दिली आणि तिला बसायला सांगितलं. म्हातारी हात हलवून "ब्याड, ब्याड" म्हणाली आणि दांडी धरून उभी राहिली. मामांचा चेहराच उतरला. स्टँडवर गाडी लावून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, आमी त्या म्हातारीचं काय वाईट केलं वं? मला तोंडावर ब्याड म्हणाली. इंग्लिशमदी."

मला हसू आवरेना. ब्याड म्हणजे नको, हे मी त्यांना सांगितलं. म्हातारीला इंजिनाची ऊब नको होती, एवढंच. मामांना बरं वाटलं. पण त्यांना आणखी एक आठवलं. आदल्या आठवड्यात टपरीवर एका म्हाताऱ्याच्या कपात ते साखर घालत होते. तो "साक, साक" म्हणत राहिला आणि हे आणखी घालत राहिले. साक म्हणजे पुरे, हे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, मला हे शब्द लिहून द्या, मी पाठ करतो.

दुसऱ्या दिवशी मी वीस शब्दांची यादी करून दिली. त्यांनी ती स्टेअरिंगजवळ चिकटवली, पण पाठ काही होईनात. त्यांचं म्हणणं, पोरांच्या पाढ्यासारखं असतं तर झालं असतं. म्हणून मग जतच्या स्टँडवर गाडी सुटायची वाट बघत बसले असताना मी कागदाच्या मागं लिहिलं:

नको झालं तर ब्याड, पुरे झालं तर साक,
ये म्हणायचं बा, आन् का म्हणायचं याक.

मामांनी ते दोनदा वाचलं आणि कवठेमहांकाळ येईपर्यंत त्यांना पाठ झालं. मग दर दोनचार दिवसांनी ते नवी मागणी करू लागले. शेतीचं एक द्या, बाजाराचं एक द्या. मी देत गेले. ते काही कविता म्हणून मी लिहीत नव्हते. कवितेची वही घरी कपाटात होती, तिच्यात अजून प्राजक्तच होता. हे कागद खिशात घडी घालून ठेवायचे होते आणि मामांना द्यायचे होते, म्हणून ते शुद्ध आहेत की अशुद्ध याचा मी विचारच केला नाही. 'आन्' लिहिलं, 'न्हाई' लिहिलं, 'हाय' लिहिलं. हात भराभर चालायचा. कॉलेजच्या वहीत मी एका ओळीला दिवस घालवायची, आणि इथं डबल बेल द्यायच्या आत चार ओळी व्हायच्या.

मामा त्या ओळी गाडी चालवताना मोठ्यानं म्हणायचे. मागून बायका चुका काढायच्या. 'हंग न्हवं, हिंग म्हणा' असं काही त्यांना ऐकवलं जायचं आणि ते ऐकायचेही. हंग म्हणजे तसं, हिंग म्हणजे असं. एकदा बाजाराच्या दिवशी डाळिंबाच्या पाट्या घेऊन चढलेल्या दोघीतिघी एकदम सुरात मामांचा पाढा म्हणायला लागल्या. कुणी लिहिला, असं त्यांनी विचारलं. मामांनी आरशातून माझ्याकडं बोट केलं. एक बाई माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "असलं लिहितात व्हय?" तिला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग एके दिवशी मी मामांना पावसाचे शब्द देत होते. आमच्याकडं पावसाला मळी म्हणतात. मामा म्हणाले, हे काय पाठ व्हायचं न्हाई. त्यांच्या भागात मळी म्हणजे साखर कारखान्यातून निघणारा काळा गाळ. शेतात खत म्हणून टाकतात, वास असा की गाडीच्या काचा लावाव्या लागतात. "मळी आली म्हटलं की आमी नाक धरतो, आन् तुमी हात जोडता?" असं म्हणून ते हसत राहिले. गाडी हलली. मी मशीन गळ्यात घालून पुढच्या सीटवर बसले होते, आणि मामांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या फेरीत मी तिकिटं दिली, सुट्ट्यावरून एकाशी बोलणं झालं, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाल्यावर एका दमात लिहून काढलं:

तुमच्याकडं मळी म्हंजे कारखान्याचा वास,
नाकाला पदर लावून जातासा तुमी.
आमच्याकडं मळी म्हंजे अव्वाचं वर बघणं.
मळी आली तर ऊटा गोड,
न्हाई आली तरी ऊटा करायचाच हाय.
गाळी सुटली, ढग गेलं.
अव्वा म्हणाली, साक. दार लाव.

गाळी म्हणजे वारा. हे मी मामांना दिलं नाही. घरी नेऊन कपाटातल्या वहीत उतरवलं, शेवटच्या प्राजक्ताच्या पुढच्या पानावर. वहीत ते अक्षर वेगळंच दिसत होतं, दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखं.

सांगलीला एका वाचनालयात महिन्यातून एकदा कविता वाचणारे लोक जमतात. कॉलेजपासून मी अधूनमधून जायची. त्या महिन्यात सुट्टी टाकून गेले आणि ही कविता वाचली. 'नाकाला पदर' आल्यावर लोक हसले. नंतर एका गृहस्थांनी विचारलं, ही भाषा नक्की कुठली. मी म्हटलं, आमच्या घरची. त्यांना ते पटलं नाही. कानडी म्हणावं तर कानडी नाही आणि मराठी म्हणावं तर अर्धी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते काही खोटं बोलत नव्हते. पण कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी माझा नंबर घेतला आणि कराडहून निघणाऱ्या एका छोट्या मासिकाच्या संपादकांकडं कविता पाठवायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी संपादकांनी छापायच्या आधीची प्रत मोबाइलवर पाठवली. कवितेत 'मळी'च्या जागी 'पाऊस' होतं, 'हाय'च्या जागी 'आहे', 'ऊटा'च्या जागी 'जेवण'. खाली प्रेमानं लिहिलं होतं की थोडी शुद्ध करून घेतली आहे. मी ती वाचली तर मला हसावं की रडावं कळेना. तुमच्याकडं पाऊस म्हणजे कारखान्याचा वास, असं काहीतरी झालं होतं. फोनवर समजावता येईना, म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी कराडला गेले. संपादक निवृत्त शिक्षक होते, घराच्या पुढच्या खोलीतच मासिकाचं काम चालायचं. त्यांच्या बायकोनं पोहे दिले. मी त्यांना आधी त्यांची शुद्ध कविता वाचून दाखवली, मग माझी. ते ऐकत होते आणि चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "मी मळीच काढून टाकली की. कारखान्याच्या गावात जन्म गेला माझा आणि मीच मळी काढली." त्यांनी लाल पेननं आपल्याच दुरुस्त्या एकेक करून खोडल्या. शब्दांचे अर्थ तळाला द्यायचे का, यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं. शेवटी फक्त दोनच दिले.

अंक यायच्या आधी मामांची बदली झाली. त्यांनी मागितलेलीच होती, साताऱ्याला. जायच्या दिवशी त्यांनी सगळे पाढे एका वहीत लिहून मागितले. मी लिहून दिले, सदतीस भरले. आता ते महाबळेश्वरच्या घाटात गाडी चालवतात. जुलैत एकदा त्यांचा आवाजी मेसेज आला. मागं पावसाचा इतका आवाज होता की शब्द नीट ऐकू येईनात. "ताई, हितं मळी लय हाय. साक म्हणलं तरी ऐकत न्हाई." मी तो मेसेज घरी सगळ्यांना ऐकवला. अव्वाला तर फारच मजा वाटली. साताऱ्याच्या माणसाच्या तोंडून आपला शब्द ऐकायला मिळाला, म्हणून तिनं तो तीनदा लावायला लावला.

त्याच आठवड्यात अंक आला. मी अव्वाला दिला. तिनं हात धुतले, पदराला पुसले, माझं पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग अंक माझ्याकडं परत देत म्हणाली, "छान दिसतंय गं. पण मला कुठं हे वाचता येतंय."

मला हे माहीत होतं, आणि तरीही कधी सुचलं नव्हतं. अव्वा चौथीपर्यंत शिकली, पण कानडी शाळेत. तिला कानडी अक्षरं येतात. माझी बाळबोध अक्षरं तिच्यासाठी नुसत्या रेघा. मी तिच्या भाषेत कविता लिहिली होती, आणि घरात ती एकटीच ती वाचू शकत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी जतच्या बाजारातून कानडीची पहिलीची अंकलिपी आणली. अव्वा आधी नाही म्हणाली, आपलं सगळं विसरलंय म्हणून. पण दुपारी भाकरीचं काम आटपलं की तिच्याजवळ बसायचं, असं मी ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी दोघींनाही 'अ' नीट काढता आला नाही. चौथ्या दिवशी तिचा हात सुटला. चाळीसेक वर्षांत तिनं सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. अक्षरं मात्र गोल आणि सारखी येत होती, माझीच वाकडी. वडील दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, क्लास चाललाय की परेड. एकदा मी चुकले तेव्हा अव्वानं खरोखरच मला उभं राहायला लावलं. वडिलांनी तिला सॅल्यूट केला.

शिकताना काही गोष्टी उलगडल्या. कोड म्हणजे दे, आणि जरा लांबवून कोड म्हटलं की शिंग. बाळबोधीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात, म्हणून शिंगाचा कोड आधी पाठ केलेले मामा माझ्या एका पाढ्यात 'भाकरी कोड' वाचून भाकरीला शिंग कुठलं असं विचारत होते. अव्वाच्या अक्षरांत लांब असेल त्याला शेवटी एक शेपटी जास्त असते. ती दाखवताना अव्वाला फार बरं वाटलं. मी इतकी वर्षं शाळेत घातली आणि मला ही शेपटी माहीत नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

तीन महिन्यांनी मी मळीची कविता कानडी अक्षरांत उतरवली. मराठी शब्दही त्याच अक्षरांत. अव्वाला वही दिली तेव्हा ती वाळवणाच्या पापडांजवळ बसली होती. तिनं ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर जोडत. तिसऱ्या ओळीला ती थांबली. आपलंच नाव आलंय हे तिला कळलं. मग पुढं वाचलं, शेवटपर्यंत. परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी न थांबता.

मला वाटलं, काहीतरी छान म्हणेल. तिनं विचारलं, "मी वर बघत होते ते मळीसाठी कधी? गच्चीवर पापड घातलेले असतात माझे."

मी सांगितलं की कवितेत चालतं तसं. तिला ते काही फारसं पटलं नाही, पण तिनं ते सोडून दिलं. शेवटच्या ओळीवर मात्र ती अडून बसली. ती 'दार लाव' कधीच म्हणत नाही. 'बागला लाव' म्हणते. आणि खरंच, माझ्या उभ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून दार हा शब्द ऐकलेला नाही. लिहिताना माझ्या हातातून तो शाळेतला शब्द कसा आला, मलाच कळलं नाही.

कराडच्या अंकात दार लागलेलं आहे, ते आता बदलत नाही. वहीतलं मी तिच्यासमोर खोडलं. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि वर स्वतःच्या अक्षरात 'बागला' लिहिलं. मग पेन परत न देता पान उलटलं आणि पुढं काय आहे ते बघायला लागली.